जळकोटच्या पाहुण्याचे पाय

हाळीकर सरांचा एक डॉक्टर नांदेडला होता आणि एक लातूरला. या दोघांना एकमेकांचा पत्ता लागू न देणं हे सरांनी निवृत्तीनंतर केलेलं सगळ्यात चोख काम होतं.

वसंतराव हाळीकर सदुसष्ट वर्षांचे. चाळीसएक वर्षं त्यांनी गणित शिकवलं, त्यातली शेवटची नऊ स्वतःच्या क्लासमध्ये. लातूरचे तेव्हा असे दिवस होते की ज्या खोलीला फळा होता तिचा क्लास व्हायचा आणि जिला फळा नव्हता तिचं होस्टेल. सरांचा क्लास एका डाळमिलच्या वरच्या मजल्यावर होता. एका बॅचला एकशे ऐंशी पोरं. खाली मिल सुरू झाली की वरची फरशी बारीक थरथरायची आणि पोरांची अक्षरंही तिच्या तालात थरथरायची. बाहेरगावच्या पालकांना तो मशीनचा आवाज अभ्यासाचाच वाटायचा.

क्लासचं नाव झालं होतं ते दुहेरी तपासणीमुळे. प्रत्येक सराव पेपर दोन जण तपासायचे. पहिल्याने मार्क दिले की त्यावर काळ्या कागदाची पट्टी चिकटवायची आणि मगच पेपर दुसऱ्याकडे जायचा. पहिल्याने काय दिलंय हे दुसऱ्याला दिसता कामा नये. दिसलं की तो डोकं बाजूला ठेवतो आणि नुसती मान डोलावतो. सर हे पालक सभेत सांगायचे तेव्हा पालकही नुसती मान डोलवायचे.

दिवाळीच्या सुमारास नांदेडला मेव्हणीच्या मुलाचं लग्न होतं. अक्षता पडायच्या आधीच सरांच्या छातीवर कुणीतरी पाटा ठेवल्यासारखं झालं. मांडवातून त्यांना थेट डॉ. देविका कंधारकर यांच्याकडे नेलं. बाई हृदयाच्या डॉक्टर, बोलायला तुटक. हृदयाच्या नळ्या आखडतात, म्हणाल्या. रोज एक गोळी लिहून दिली आणि रक्तातली चरबी तपासून रिपोर्ट पाठवायला सांगितला.

"लातूरला काही घेता का?" बाईंनी विचारलं.

"लातूरला मी शिकवतो. घेत नाही," सर म्हणाले. बाईंनी चष्म्यावरून त्यांच्याकडे बघितलं आणि पुढच्या पेशंटला हाक मारली.

चरबी सरांनी लातूरला तपासली. रिपोर्ट मात्र नांदेडला गेला नाही, तो गेला डॉ. श्रीनाथ औसेकरकडे. श्रीनाथ सरांचाच जुना विद्यार्थी, एकेकाळी भूमितीत कच्चा. त्याने रिपोर्ट बघितला, भुवया उंचावल्या, रात्री घ्यायची एक गोळी लिहिली आणि अदबीने विचारलं, "सर, दुसरं काही औषध चालू आहे?"

"तू तुझं तपास," सर म्हणाले.

श्रीनाथला वाटलं, सरांना अपमान वाटला. त्याने पुन्हा विचारलं नाही. सरांना वाटलं, दुहेरी तपासणी आता कुठे डॉक्टरांपर्यंत पोचली.

अर्थात, डॉक्टरांची दुहेरी तपासणी हे नुसतं सांगायचं कारण होतं. खरं कारण रस्त्याच्या पलीकडे राहत होतं.

रस्त्यापलीकडे यज्ञेशचा क्लास होता. यज्ञेशही सरांचाच विद्यार्थी. लातूरमध्ये कुणावर दगड भिरकावला तरी तो सरांच्याच विद्यार्थ्याला लागला असता. दोन वर्षांपूर्वी भौतिकशास्त्राच्या एका म्हाताऱ्या मास्तरांची बायपास झाली होती, तेव्हा आठच दिवसांत यज्ञेशच्या गॅलरीत बॅनर लागला होता: 'तरुण प्राध्यापक, तंदुरुस्त निकाल'. त्या मास्तरांची निम्मी बॅच महिन्याभरात रस्ता ओलांडून गेली. श्रीनाथचा दवाखाना भर बाजारात. तिथे बाकावर बसलेला दर तिसरा माणूस कुठल्यातरी बारावीवाल्याचा बाप. हाळीकर सरांना छातीचा त्रास आहे हे तिथे कळणं म्हणजे यज्ञेशच्या बॅनरला मजकूर पुरवणं. बोर्डाची परीक्षा मार्चमध्ये होती. शेवटच्या दिवसापर्यंत दोन पायांवर फळ्यासमोर उभं राहायचं, मग काय व्हायचं ते होऊ दे, असं सरांनी ठरवलं होतं.

म्हणून छातीच्या गोळ्या नांदेडच्याच दुकानातून यायच्या. सर स्वतः एसटीने जाऊन महिन्या-दीड महिन्याच्या आणायचे आणि क्लासमधल्या खडूच्या डब्यात ठेवायचे. सकाळी फळा पुसताना एक तोंडात टाकायचे. चरबीची गोळी घरी, रात्री, पत्नी प्रेमलाबाईंच्या समोर.

जानेवारीत मांड्या दुखायला लागल्या.

आधी सरांनी थंडीला दोष दिला, मग नव्या चपलांना. प्रेमलाबाई कंधारच्या. त्यांच्या माहेरी कुठलंही दुखणं तेल लावून जिरवायची पद्धत. त्यांनी तेल गरम करून दिलं. "काय करून राहिलात दिवसभर?" त्या विचारायच्या. "मांड्या अशा धरल्या जणू कुस्ती खेळून आलात." सर म्हणायचे, इंटिग्रेशन शिकवतोय. त्यावर बाईंना काही बोलता यायचं नाही, कारण इंटिग्रेशनने काय काय होऊ शकतं हे त्यांना माहीत नव्हतं.

जानेवारीच्या शेवटी तो दिवस आला. मिल त्या दिवशी बंद होती. सर फळ्याच्या वरच्या कोपऱ्यात लिहायला हात उंचावून उभे राहिले आणि मांड्यांतलं बळ एकाएकी पाण्यासारखं वाहून गेलं. त्यांनी टेबल धरलं. टेबल सरकलं. टेबलावरचा तांब्या आडवा झाला, डस्टर खाली पडलं आणि एकशे ऐंशी पोरं सरांच्या तोंडाकडे बघायला लागली.

सरांनी आयुष्यात बऱ्याच चुकीच्या पायऱ्या लिहिणाऱ्यांना शिक्षा केली होती. त्या क्षणी मात्र त्यांच्या तोंडून जे निघालं ते असं:

"हललं वाटतं."

भूकंपाला दहा वर्षं होऊन गेली होती. पण ब्याण्णव-त्र्याण्णवनंतर या भागात कुणीही जमिनीवर पुरता विश्वास टाकत नव्हतं. कुणी जोरात दार लावलं तरी माणसं आधी वरच्या पंख्याकडे बघायची. वर्ग दीड मिनिटात रिकामा झाला. पोरं जिन्यावरून उतरली म्हणणं चूक ठरेल, जिना पोरांखालून गेला म्हणणं जास्त बरोबर. ते पाहून यज्ञेशचा क्लासही खाली आला, मग बाजूची दोन होस्टेलं, मग तेलबियांच्या आडतीतले हमाल. दुपारपर्यंत अर्धं गाव रस्त्यावर उभं होतं आणि ज्याला त्याला दोन-दोन हादरे जाणवले होते. संध्याकाळी तहसीलमधून निरोप आला की कुठेही काही हललं नाही. त्यावर लोकांनी म्हटलं, सरकारला कधी काही जाणवलंय का.

सरांना त्या गोंधळाची थोडी गंमतही वाटली असती. पण किल्लारीकडची तीन पोरं होती बॅचला. त्र्याण्णवला सहा-सात वर्षांची असतील. ती संध्याकाळपर्यंत वर आलीच नाहीत. रस्त्याच्या मधोमध, कुठल्याही भिंतीपासून सारख्या अंतरावर, पिशव्या छातीशी धरून उभी राहिली. सरांनी खिडकीतून ते बघितलं आणि खिडकी लावून घेतली. खरं सांगायचं तर आपले पाय सांगावे लागले असते, आणि पाय सांगितले की छाती आली.

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात डब्यात नुसते खडू उरले. गोळ्या संपल्या. सर नांदेडला जायला निघाले, स्टँडवर पोचले, एसटीच्या पायरीवर एक पाय ठेवला. दुसरा उचलेना. मागच्या माणसाने "चढा ना काका" म्हणून ढुंगणाला हात लावून मदत केली, तरी उचलेना. कंडक्टरने बेल मारली. सर पायरीवरून पाय काढून बाजूला झाले आणि जणू आपण कुणाला पोचवायला आलो होतो असा हात हलवला. बसमधल्या एका अनोळखी बाईनेही त्यांना हात हलवला.

आता गोळी लातूरलाच घ्यायला हवी होती.

दस्तगीरचं मेडिकल सरांच्या घरापासून दोन गल्ल्यांवर. दस्तगीर आता नुसता दाराशी खुर्ची टाकून पेपर वाचायचा. दुकान चालवायची त्याची मुलगी मनतशा. फार्मसीची पदवी घेतलेली. ही सत्त्याण्णवच्या बॅचची आणि दुहेरी तपासणी होऊन आलेला पेपर परत घेऊन येऊन "सर, दोघांचंही चुकलंय" म्हणणारी पहिली पोरगी. तपासून बघितलं तर दोघांचंही चुकलं होतं.

सरांनी गोळीचं नाव एका चिठ्ठीवर डाव्या हाताने लिहून नेलं, अक्षर ओळखू येऊ नये म्हणून. चिठ्ठी स्वतःच्या हाताने देतोय हे त्यांच्या हिशोबात आलं नाही.

"सलाम सर. या, बसा," मनतशा म्हणाली.

"बसत नाही." बसले असते तर उठवायला कुणीतरी लागलं असतं.

तिने चिठ्ठी उलटीसुलटी करून बघितली. "डिल्टियाझेम. ही कुणासाठी?"

"पाहुणा आलाय. जळकोटचा."

"डॉक्टरची चिठ्ठी?"

"जळकोटला राहिली."

"कधीपासून घेतात?"

"दिवाळीपासून." आकडा आला की सरांना खोटं बोलता यायचं नाही. चाळीस वर्षांची सवय.

"आणखी कुठली गोळी चालू आहे पाहुण्यांना?"

"रात्रीची एक. चरबीची."

"कुठली?"

"तू मला देतेस तीच."

"सिम्व्हास्टॅटिन. चाळीसची?"

"चाळीसचीच."

दाराशी पेपरामागून दस्तगीर बोलला. "म्हणजे पाहुण्याचं बी तुमच्यासारखंच हाय सरजी. घराणंच खात्या-पित्याचं दिसून राहिलंय."

"अब्बा, तुम्ही पेपर वाचा," मनतशा म्हणाली. तिने गोळ्यांच्या कप्प्याकडे गेलेला हात मागे घेतला होता. "सर, पाहुण्यांचे पाय दुखतात का?"

"वय झालंय त्याचं."

"मी वय नाही विचारलं."

"दुखतात. मांड्या."

"जिना चढतात?"

"चढतो. कठड्याला लोंबकळून."

"खुर्चीतून उठताना?"

"टेबल रेटतो."

"केस विंचरताना हात वर जातो?"

"त्याला टक्कल आहे."

मनतशाने सरांच्या टकलाकडे बघितलं नाही. इतकी ती चांगल्या घरातली होती. "बरं. आणि फळ्यावर लिहिताना?"

"वरच्या दोन ओळी सोडून देतो," सर म्हणाले.

दस्तगीरने पेपर खाली ठेवला. जळकोटचा पाहुणा फळ्यावर लिहितो हे त्याच्यासाठीही जरा जास्त होतं. सरांनी काउंटरवरच्या खोकल्याच्या बाटल्यांकडे बघितलं, मग छताकडे, मग पुन्हा बाटल्यांकडे.

मनतशा काउंटरच्या बाहेर आली. आवाज खाली आणून तिने विचारलं, "लघवीचा रंग कसा आहे?"

"कोऱ्या चहासारखा," सर तितक्याच हळू म्हणाले. "तीन दिवस झाले."

तिने स्टूल ओढलं. "बसा सर. उठवायला मी आहे, अब्बा आहेत."

सर बसले. बसल्याबसल्या त्यांना कळलं की आपल्याला किती दिवस बसायचं होतं. मग त्यांनी नांदेडच्या बाईंचं सगळं सांगून टाकलं.

"नांदेडची गोळी आणि लातूरची गोळी एकमेकींना ओळखतात," मनतशा म्हणाली. "तुम्ही ओळख लपवली, त्यांनी नाही लपवली. चरबीच्या गोळीचं काम झालं की लिव्हर तिचा निकाल लावतं. पण छातीची गोळी लिव्हरचं तेच काम अडवते. मग चरबीची गोळी बाहेर पडत नाही, रक्तात साचत जाते. तुम्ही घेताय चाळीस, अंगाला लागतंय त्याच्या कितीतरी पट. ती मग स्नायूंवर उठते. स्नायू झिजून त्यांचा चुरा रक्तात येतो, तो किडनी गाळत बसते. म्हणून चहाचा रंग. या छातीच्या गोळीसोबत ही दहाच्या वर द्यायची नसते."

सर विचारात पडले. पेपर हातात आला की आधी चूक कोणत्या पायरीवर आहे ते बघायचं ही खोड जात नव्हती. "म्हणजे देविकाबाईंची गोळी चूक?"

"नाही. छातीसाठी बरोबर."

"मग श्रीनाथची?"

"रिपोर्ट बघून दिली, बरोबरच दिली."

"मग चुकलं कोण?"

"पाहुणा," मनतशा म्हणाली.

दस्तगीरला हसू आलं, पण त्याने ते खोकल्यात घातलं.

"आज रात्रीची चरबीची गोळी घ्यायची नाही," मनतशा सांगत होती. "छातीची मात्र मनाने बंद करायची नाही, ती डॉक्टर बघतील. आणि आता इथून थेट श्रीनाथ सरांकडे."

"पाच वाजता बॅच आहे."

"सर, लघवी काळी येतेय."

"बॅच इंटिग्रेशनवर अडकलीय. परीक्षेला तीन आठवडे नाहीत."

"सरजी," दस्तगीर म्हणाला, "पोरांची बॅच दरसाल येते. किडनीची दोघांचीच बॅच हाय, ती गेली तर न्हाई येत परत."

मनतशाने फोन उचलला होता. सरांनी तिच्या मनगटावर हात ठेवला. "श्रीनाथला पायांचं सांग. छातीचं नको सांगू."

"सर, छातीचंच तर सांगायचंय," ती म्हणाली आणि नंबर फिरवला. दस्तगीर तोवर रिक्षा थांबवायला गेला होता.

श्रीनाथने रक्त घेतलं. स्नायूंच्या झिजेचा एक आकडा असतो, तो दोनशेच्या आत पाहिजे. सरांचा अकरा हजार आला. आयुष्यभर शंभरापैकी शंभर देताना हात आखडणाऱ्या माणसाला दोनशेपैकी अकरा हजार. किडनीही थोडी कुरकुरत होती, पण अजून ऐकत होती. सरांना दाखल केलं, सलाईन लावलं, चरबीची गोळी बंद केली. मग श्रीनाथने त्यांच्या समोरच, खाटेच्या पायथ्याशी उभं राहून, नांदेडला फोन लावला.

"मॅडम, मी लातूरहून औसेकर. हो, हाळीकर. हो, तेच गणितवाले. नाही मॅडम, मी विचारलं होतं. तुम्हीपण विचारलं होतं? काय म्हणाले?" श्रीनाथने ऐकता ऐकता सरांकडे बघितलं. "शिकवतो, घेत नाही. हो. मला म्हणाले, तू तुझं तपास." मग तो बराच वेळ ऐकत राहिला आणि शेवटी म्हणाला, "हो मॅडम, तसं मी त्यांना सांगतो. जरा सौम्य करून सांगतो."

त्याने जे सौम्य करून सांगितलं तेही सरांना पुरेसं कडक लागलं. छातीच्या गोळीचं नांदेडहून बाई बघणार होत्या. चरबीची मात्र दीड महिना काहीच नाही. रक्त जागेवर आलं की दुसऱ्या जातीची, छातीच्या गोळीशी न भांडणारी, लहान मात्रेत, आणि ती दोघांनी एकाच कागदावर सह्या करून. तोवर जिने बंद, उभं राहून शिकवणं बंद.

प्रेमलाबाईंना दोन्ही गोळ्या माहीत होत्या. दोन डॉक्टरांना एकमेकांची खबर नाही हे माहीत नव्हतं. "मला वाटलं, बोलले असतील दोघं," त्या म्हणाल्या. "शिकलीसवरलेली माणसं. मला काय माहीत, मधे तुम्ही बसलात म्हणून." मग चार दिवस त्या सरांशी फक्त ताकाबद्दल बोलल्या.

पाचव्या दिवशी त्यांनी डबा उघडता उघडता सांगितलं, "क्लासमध्ये जाऊन आले. पेपर तपासणारे दोघं सांभाळून घेतायत. किल्लारीची ती तीन पोरं बघा, मागे दाराशी बसायला लागलीत. पायांत बूट घालूनच. फळा दिसत नाही तिथून. मी म्हटलं, पुढे या. तर म्हणतात, मॅडम, पुन्हा हललं तर."

सरांनी भाकरीचा तुकडा ताटात ठेवला.

"कागद आहे?" त्यांनी विचारलं.

सलाईनच्या हाताने लिहिता येईना म्हणून प्रेमलाबाईंनी लिहिलं. सर सांगत गेले. कुठे 'किंचित' घालावं का असं त्यांना दोनदा वाटलं, पण घातलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तो कागद क्लासच्या फळ्यावर चिकटला:

'अठ्ठावीस जानेवारीला जमीन हलली नव्हती. सर हलले होते. सरांना दिवाळीपासून छातीचा विकार आहे. त्याची गोळी आणि चरबीची गोळी दोन डॉक्टरांकडून, एकाला दुसऱ्याचं न सांगता घेतल्यामुळे सरांचे पाय गेले. चूक पूर्णपणे सरांची. किल्लारीच्या तिघांनी पुढच्या बाकावर बसावं. व. हाळीकर.'

दुपारपर्यंत ते सगळ्या लातूरला कळलं आणि संध्याकाळपर्यंत त्यात सुधारणाही झाल्या. आडतीत सरांना दोन झटके येऊन गेले होते, स्टँडवर तीन. अकरा पोरं रस्ता ओलांडून यज्ञेशकडे गेली. बाकीची का गेली नाहीत याचं उत्तर सरांना मिळालं नाही. त्यातल्या काहींना रस्ता ओलांडायचा कंटाळा आला असेल, असं त्यांनी धरून चाललं. पण दुसराच एक उपद्रव सुरू झाला. पोरांचे बाप भेटायला यायचे, तब्येत विचारायचे, उठता उठता खिशातून गोळ्यांची पाकिटं काढायचे आणि विचारायचे, सर, ही अन् ही चालते का? एकाने तर बायकोच्या, आईच्या आणि म्हशीच्या गोळ्या एकाच पिशवीत आणल्या होत्या.

मिलच्या मालकाने महिन्यापुरतं खालचं तुरीचं गोदाम रिकामं करून दिलं. सर तिथे खुर्चीत बसून शिकवायला लागले, दिवसाला एक तास, श्रीनाथने दिलेला. फळा भिंतीवरून दोन फूट खाली आणला. किल्लारीची पोरं पुढे बसली. तळमजला होता, दार भलंमोठं होतं आणि सर बसलेले असल्यामुळे हलायचा प्रश्न नव्हता.

त्याच आठवड्यात यज्ञेश घरी आला. हातात मोसंब्यांची जाळी. अंगावर कडक इस्त्री. पन्नाशीच्या आतला माणूस, पण खुर्चीत बसताना त्याने हात जरा वेळ हँडलवर ठेवले.

"सर, ती अकरा पोरं मी बोलावली नव्हती," तो म्हणाला.

"परत पाठवलीस का?"

"नाही."

"मग मोसंबी ठेव तिकडे."

यज्ञेशने जाळी ठेवली. बॅनर लावायला आला असेल तर मजकूर तयारच आहे, असं काहीतरी सर म्हणणार होते. पण यज्ञेश बॅनर लावणाऱ्या माणसासारखा बसला नव्हता. तो दाराकडे बघत होता.

"सर, तुमचं मांड्यांपासून सुरू झालं होतं ना?"

"हो."

"दोन्ही मांड्या?"

"का रे?"

यज्ञेशने शर्टाच्या आतल्या खिशातून डायरी काढली आणि डायरीच्या पुठ्ठ्यातून दोन पाकिटं. "ही सोलापूरची. ही हैदराबादची. इथे कुणाला सांगितलं नाही. तुम्हीच म्हणाल, तरुण प्राध्यापक." त्याने हसायचा प्रयत्न केला. "या दोन्ही एकत्र चालतात का सर? तुम्ही सांगा फक्त. तुम्ही सांगाल ते मी ऐकीन."

सरांनी चष्मा लावला. पाकिटं उजेडाकडे धरली, पुढून वाचली, मागून वाचली. समोर त्यांचा सगळ्यात हुशार आणि सगळ्यात तापदायक विद्यार्थी बसला होता. सांगितलं असतं ते खरं मानून उठून गेला असता. आठ-दहा मोठे शब्द सरांकडे आता जमले होते, आणि ते ठामपणे कसे म्हणायचे हे त्यांना चाळीस वर्षं माहीत होतं.

"मला यातलं काही कळत नाही," सर म्हणाले.

हे कोण बोललं ते बघायला प्रेमलाबाई आतून बाहेर आल्या.

"ज्याला कळतं त्याला विचारू," सर म्हणाले. टेबलाला एक हात लावून ते उभे राहिले. मागच्या आठवड्यात दोन लागत होते. "सोलापूरचं, हैदराबादचं, घरात कुणी काढा देत असेल तो, सगळं सांगायचं. चल. दोनच गल्ल्या आहेत."

"चालत?" यज्ञेशने रस्त्याकडे बघितलं. रस्त्यावर चारचा सगळा बाजार होता आणि त्यातला प्रत्येक माणूस दोघांनाही ओळखत होता. "गाडी आहे सर माझी, काळ्या काचांची."

"श्रीनाथने मला रोज थोडं चालायला सांगितलंय."

दोघं निघाले. दाराबाहेर गटारावरची फरशी जरा उंच आहे. सरांनी ती भिंतीला हात लावून, एकेक पाय करून ओलांडली आणि वळून बघितलं. यज्ञेश अजून अलीकडेच होता. एक पाय फरशीवर टाकून, दुसरा उचलायची वाट बघत. समोरच्या झेरॉक्सवाल्याने हातातलं काम थांबवलं. सर मागे आले आणि यज्ञेशच्या कोपराखाली हात घालून त्याच्या बाजूला उभे राहिले.

"सावकाश," ते म्हणाले. "पाच वाजेपर्यंत पोचलो तरी चालेल."